नात्याचा रकाना

माझा बी.ए.चा दाखला अहिरेनानांनी दोन्ही हातांत धरून ट्यूबलाइटसमोर उंच केला, थोडा तिरपा केला, मग टेबलावर पालथा ठेवून त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. मी समोर उभी होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. येवल्यात मागावर बसणाऱ्या माझ्या वडिलांनी तो दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवाजवळ ठेवला होता. त्याच्यावर कुणी असा अंगठा फिरवावा याचं मला फार वाईट वाटलं.

"दहावीच्या गुणपत्रकात वडिलांचं नाव विठ्ठल," नाना म्हणाले. "इथं विठ्ठलराव. वडील दोन आहेत का?"

"नाही. कॉलेजातल्या क्लार्कनं राव लावलं."

"आणि तुम्ही लावू दिलं."

मी दाखला परत घ्यायला हात पुढे केला.

"बसा," ते म्हणाले. "नोकरी शेठ देतील. मी फक्त कागद पाहतो."

शालिमारजवळ एका दुकानाच्या वर, अरुंद जिना चढून गेलं की शेठचं ऑफिस होतं. शेठ तिकिटं काढून देत आणि काशी-रामेश्वरच्या सहली नेत. पण नव्वदनंतर नाशिकची मुलं शिकून बाहेरदेशी जायला लागली आणि त्यांच्यामागून त्यांचे आईबाप पाहुणे म्हणून निघाले. तेव्हा शेठनी व्हिसाच्या कागदांचं काम सुरू केलं. नाना ते काम बघत, आणि इंग्रजी पत्रं टाइप करायला शेठनी मला घेतलं.

हॉटेलात उतरणाऱ्या माणसाचं सोपं असतं. हॉटेलचं बुकिंग जोडलं की झालं. नातलगाच्या घरी राहणाऱ्या पाहुण्याबद्दल मात्र सगळ्या देशांना शंका असते. कोण, कुणाकडे, कशाला, किती दिवस, आणि परत जाणार ना? युरोपातल्या एका देशात तर यजमानालाच आपल्या गावच्या नगरपालिकेत जावं लागे. घर केवढं आहे, पगार किती, येणारा माणूस आपला कोण लागतो, हे लिहून द्यायचं. तिथला शिक्का बसलेला अस्सल कागद टपालानं नाशिकला यायचा आणि इथून तो मुंबईच्या वकिलातीत द्यायचा. आम्ही त्याला 'घरचा कागद' म्हणत असू. घरचा कागद आला की तो आधी नानांच्या हातात जाई, आणि नाना तो खोटा आहे असं धरूनच वाचायला सुरुवात करत.

त्यांचा स्वभाव असा का होता, हे मला हळूहळू कळलं. नाना नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात तपासणीवर होते. मुद्रांकांचे ताव एकामागून एक समोरून सरकत आणि नानांनी त्यातला बिघडलेला ताव बाजूला काढायचा. नोकरीभर हेच. चांगल्या तावाकडे थांबून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही. आणि रोज सुटी झाली की बाकी सगळ्यांसारखी फाटकावर झडती देऊन बाहेर पडायचं. "बत्तीस वर्षं मी रोज संध्याकाळी निर्दोष सुटलो," असं ते सांगत. सांगताना हसत नसत.

नाव दगाजी. मूळचे सटाण्याकडचे. आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं याचं नाव दगा ठेवलं, म्हणजे नावाला भुलून मरण दुसरीकडे जाईल. "माझी सुरुवातच चुकीच्या माहितीनं झालेली आहे," नाना म्हणत. बोलणं शुद्ध, पण कागदात काही सापडलं की तोंडातून अहिराणी यायची. "हाई काय शे?" म्हणजे 'हे काय आहे', असं पुटपुटणं ऐकू आलं की समोर बसलेल्यानं खुर्ची सावरून घ्यावी.

पेन कुणाला दिलं तर टोपण स्वतःकडे ठेवायचे. कपाटाला कुलूप लावून तीनदा ओढायचे, जिना उतरून गेल्यावर एकदा वर येऊन चौथ्यांदा. चहा आणणाऱ्याला ग्लास समोर विसळायला लावायचे. मी टाइप केलेलं पत्र ते शेवटच्या ओळीपासून वरच्या ओळीकडे वाचत. "सरळ वाचलं की मन आपोआप पुढचं वाचतं, ताई. चूक लपते. उलटं वाचलं की प्रत्येक शब्दाला एकट्यानं उभं राहावं लागतं." ही रीत मी त्यांच्याकडून घेतली. पुढे शिक्षिका झाल्यावर मुलांच्या वह्या मी अशाच तपासल्या, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पण त्यांची सगळ्यात आवडती जागा म्हणजे मधलं नाव. आपल्याकडे मुलाच्या नावामागे बापाचं नाव आणि बाईच्या नावामागे नवऱ्याचं. दोन पासपोर्ट शेजारी ठेवले की नानांना अख्खं घर दिसायचं. "पहिलं नाव हौसेचं, आडनाव गावाचं. माणूस पकडायचा तर मधल्या नावात," ते म्हणत. परदेशातल्या साहेबाला हे वाचता येत नाही, म्हणून आपण वाचायचं, असं त्यांचं म्हणणं.

एकदा एक निवृत्त हेडमास्तर आणि त्यांची बायको आली. मुलाचं तिकडे प्रशस्त घर आहे, खिडकीतून नदी दिसते, असं गुरुजी खुर्चीत बसायच्या आधीपासून सांगत होते. नानांनी घरचा कागद वाचला.

"गुरुजी, घर अडतीस चौरस मीटर आहे."

"म्हणजे बरंच झालं की."

"म्हणजे हे ऑफिस आणि वरून तो जिना." नानांनी कोऱ्या कागदावर पट्टीनं चौकोन काढला. "इथं मोरी, इथं ओटा. मुलगा, सून, नातू. तुम्ही दोघं कुठं झोपणार? वकिलातीत विचारतील."

गुरुजी त्या चौकोनाकडे बघत राहिले. बाईंनी विचारलं, "नदी कुठं आहे मग?" जिना उतरताना गुरुजींचा हात कठड्यावर होता, आधी चढताना नव्हता. मी नानांना म्हटलं, सांगायची काय गरज होती. ते म्हणाले, "वकिलातीतल्या खिडकीवरच्या साहेबानं सांगितलं असतं तर चाललं असतं?" त्यांचं बरोबर होतं. तरी तो चौकोनाचा कागद त्यांनी फाडून टाकला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. कॉलेज रोडचं एक चांगल्या घरातलं जोडपं सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला घेऊन आलं. बाईची भाची म्हणे, तिकडे बाईच्या भावाकडे महिनाभर फिरायला चाललीय. मुलगी पेठच्या बाजूची होती, बोलण्यावरून कळत होतं. नानांनी त्या दोघांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मुलीला विचारलं, "ज्यांच्याकडे चाललीस त्या मामीचं नाव काय?"

"मामीच म्हणतात."

"त्यांना मूल आहे?"

"हां. आठ महिन्यांचा. रात्री रडतो, झोपत नाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"यांनीच. मीच घेणार ना त्याला."

नानांनी फाइल बंद करून परत दिली. जोडपं खूप बोललं. शेठही नाराज झाले. मला मात्र नानांचा अभिमान वाटला. एका मुलीला बिनपगारी मोलकरीण व्हायला पाठवण्यापासून त्यांनी वाचवलं होतं. पण जाताना ती मुलगी दारात थांबली आणि नानांकडे बघून म्हणाली, "मला विमानात बसायचा होता." त्यात रागही नव्हता, नुसतं सांगितल्यासारखं. नाना तेव्हा टोपण बंद करत होते. ते त्यांच्याकडून बराच वेळ बसेना.

यमुनाबाई थेटे आल्या त्या दोन हजार सालच्या पुढे-मागे, श्रावणात. मखमलाबादच्या, फुलांच्या मळेवाल्या. हातात शेवंतीचा वास, आणि ब्लाउजच्या आत रुमालात गुंडाळलेला घरचा कागद. मुलगा सतीश तिकडे कारखान्यात इंजिनियर होता. तिथल्याच मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं, सप्टेंबर संपता संपता एका शनिवारी, त्यांच्या नगरपालिकेत. आई आल्याशिवाय सही करणार नाही असं त्यानं फोनवर सांगितलं होतं.

"लगीन नगरपालिकेत लावत्यात," यमुनाबाई मला म्हणाल्या. "अक्षता कुठं टाकायच्या काय म्हाईत. मी घेऊन जाणार हाये पिशवीत."

नानांनी त्यांचा पासपोर्ट आणि सतीशच्या पासपोर्टची झेरॉक्स शेजारी ठेवली. मी टाइप करत होते. आवाज आला, "हाई काय शे?"

सतीश पंढरीनाथ थेटे. यमुनाबाई काशिनाथ थेटे.

"काशिनाथ कोण?"

"मालक आमचे."

"मग पंढरीनाथ?"

"धाकले दीर. वारले."

"म्हणजे सतीश तुमचा मुलगा नाही."

यमुनाबाईंनी नानांकडे असं पाहिलं, जसं ते माझा दाखला तपासत असताना मी पाहिलं असेल. "माझाच हाय," त्या म्हणाल्या. "सव्वा महिन्याचा व्हता, त्याची आई गेली. दोन वर्सांनी दीर गेले. मला आईच म्हणतो. कागदावर बी त्यानंच लिव्हलंय ना, आई म्हणून?"

लिहिलं होतं. नात्याच्या रकान्यात, त्यांच्या भाषेत, आई. वर नगरपालिकेचा गोल शिक्का.

त्या गेल्यावर ऑफिसात वाद झाला. शेठ म्हणाले, "नाना, जाऊ द्या तसंच. तिकडं मधलं नाव कोण वाचतंय?" मीही तेच म्हणाले. नाना म्हणाले, "आणि वाचता येणारा एखादा बसला असेल तर? खोटी माहिती दिली म्हणून पासपोर्टवर शिक्का बसेल. जन्मभर. लग्न राहील आणि पुढचं सगळंच राहील." मग म्हणाले, "आणि हे आई प्रकरण तरी खरं कशावरून? त्या मुलीला भाची म्हणून आणलं होतं, तसं या बाईला आई म्हणून नेत असतील. तिकडे लग्न झालं की घरकामाला माणूस लागतंच."

पुढच्या रविवारी ते मला म्हणाले, "ताई, मखमलाबादला यायचं का? बाईमाणसाची चौकशी आहे, मी एकटा बरा दिसणार नाही." आम्ही सिटी बसनं गेलो. यमुनाबाईंचं घर त्यांना माहीत होतं, पत्ता पासपोर्टवरच होता, तरी ते स्टॉपवरच्या किराणा दुकानात शिरले. "सतीश थेटेची आई कुठं राहते?" दुकानदारानं मान न वळवता हात केला, "कॅनॉलच्या पलीकडं, यमुनाबाई." पुढे सायकलवरून दूध नेणाऱ्याला तोच प्रश्न, तेच उत्तर. कॅनॉलवर एक म्हातारी मेथीच्या जुड्या धूत होती. तिला नानांनी जास्त फिरवून विचारलं, "सतीशची खरी आई कोणती हो?"

म्हातारीनं जुडी झटकली. पाणी नानांच्या पॅन्टवर उडालं. "कोणती म्हंजी? त्याला एकच हाय."

यमुनाबाईंच्या घरी आम्ही गेलोच नाही. नाना तिथून ग्रामपंचायतीच्या माणसाच्या घरी गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकटे गेले, आणि सुमन पंढरीनाथ थेटे या बाईच्या मृत्यूचा दाखला घेऊन आले. "ही जन्म देणारी. नोंदीत आहे," त्यांनी दाखला माझ्या टेबलावर ठेवला. "म्हणजे बाई खोटं बोलत नाही. पण कागद खोटं बोलतोय. कागद बदलायचा."

सतीशला एसटीडी बूथवरून फोन झाला. तो चिडला, मग हबकला, मग पुन्हा नगरपालिकेत गेला. नवा कागद यायला तीन आठवडे लागले. लग्न जवळ येत होतं. त्या तीन आठवड्यांत नाना यमुनाबाईंना दर दोन दिवसांनी बोलवत आणि खिडकीवरच्या साहेबासारखे समोर बसून विचारत, "सतीश तुमचा कोण?"

"पुतण्या."

"जोरात."

"पुतण्या. पर असं म्हणलं ना नाना, की कुनी शेजारचं पोरगं पाणी प्यायला आल्यावानी वाटतंय."

"वाटू द्या. एवढं एकदा म्हणायचं आणि विमानात बसायचं."

सोबत पत्र मी लिहिलं. माझ्या डिक्शनरीत काकू, आत्या, मामी, मावशी सगळ्यांना एकच शब्द होता, आणि तो यमुनाबाईंना पुरत नव्हता. आमच्याकडे थोरल्या चुलतीला मोठी आई म्हणतात, ते मी इंग्रजीत 'एल्डर मदर' असं घातलं. नानांनी पत्र शेवटापासून वाचलं, त्या शब्दावर थांबले. "यात मदर आहे."

"पण खरं तेच आहे, नाना."

ते पेन हातात धरून बसले. खोडायला पेन टेकवलं, आणि खोडलं नाही. शंका असूनही त्यांनी काही सोडून दिलेलं मी पाहिलं ते पहिल्यांदाच.

मुंबईला नाना स्वतः गेले. आजवर कुणाबरोबर गेले नव्हते. मखमलाबादहून फुलांचा टेम्पो रोज पहाटे मुंबईच्या बाजारात जातो. त्याच्याच पुढच्या सीटवर, ड्रायव्हर आणि यमुनाबाई यांच्यामध्ये फाइल मांडीवर धरून ते बसले. हे मला पुढे यमुनाबाईंनीच सांगितलं. घाटात त्यांनी नानांना दोनदा विचारलं, काय म्हणायचं, आणि दोन्ही वेळा नानांनी सांगितलं, पुतण्या. वकिलातीत आत फक्त अर्जदाराला सोडतात. नाना फुटपाथवर उभे राहिले.

आत एक मराठी बोलणारी बाई होती. चांगली होती, म्हणे, पाणी विचारलं. मग कागद पुढे घेऊन म्हणाली, "सतीश थेटे तुमचा कोण?"

"आणि तिनं सतीशचं नाव घेतलं ना," यमुनाबाई मला म्हणाल्या, "माझ्या तोंडातनं आपसूक गेलं, मुलगा."

बाईनं पुन्हा विचारलं. यमुनाबाईंना वाटलं आता बदललं तर खोटारडे ठरू. त्या म्हणाल्या, मुलगाच. कागदावर चुलती, पत्रात मोठी आई, तोंडी मुलगा. तिसऱ्या दिवशी पासपोर्ट परत आला, सोबत छापील चिठ्ठी: अर्जदारानं सांगितलेलं नातं आणि यजमानानं लिहून दिलेलं नातं जुळत नाही. नकार. लग्नाला नऊ दिवस उरले होते. पुन्हा अर्ज करायला वेळच नव्हता.

वकिलातीचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्यांच्या जागी नाना असते तर त्यांनीही हेच केलं असतं. आणि त्यांनाही ते कळत होतं, तोच त्यांचा त्रास होता. पहिला कागद तसाच जाऊ दिला असता तर बाईंचं उत्तर त्याच्याशी तंतोतंत जुळलं असतं.

चिठ्ठी घेऊन ते मखमलाबादला निघाले तेव्हा मी न विचारता बरोबर गेले. यमुनाबाई अंगणात शेवंतीच्या करंड्या बांधत होत्या. नानांनी उभ्या उभ्या सांगितलं, माझ्यामुळे राहिलं. यमुनाबाईंनी सुतळीची गाठ मारली.

"तुम्ही लिव्हलं ते बरोबर हाय ना?"

"हो."

"मी बोलले ते बी बरोबर हाय. मंग चुकलं कोण, नाना?"

सगळ्या कागदांत चूक शोधून काढणारा माणूस अंगणात तसाच उभा होता. यमुनाबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

त्या शनिवारी लग्न झालं नाही. सतीशनं नगरपालिकेतली तारीख रद्द केली आणि बूथवर फोन करून यमुनाबाईंना सांगितलं, आम्हीच येतो. तुळशीचं लग्न झालं की मखमलाबादलाच लग्न करू. मुलगी येईल, तिचे आईवडीलही येतील, आणि सगळे आपल्याच घरी उतरतील.

हे कळल्यावर नाना सरळ बसले. "परदेशी पाहुणे खाजगी घरात. कळवावं लागेल."

पोलीस ठाण्यात त्यांनी विचारलं. एक जण म्हणाला, हॉटेलवाल्यांनी कळवायचं असतं, घरच्यांनी नाही. दुसरा म्हणाला, कळवलेलं बरं. फॉर्म असा काही हाताशी नव्हता. साध्या कागदावर लिहून द्या, म्हणाले. नानांचं मत पक्कं होतं. ज्या बाईला एकदा कागदावरून अडवलं, तिच्या मांडवात दुसऱ्यांदा कुणी कागद विचारत येता कामा नये.

पाहुणे आले त्याच दिवशी दुपारी आम्ही मखमलाबादला पोचलो. या वेळी यमुनाबाईंनी खुर्च्या टाकल्या. नानांनी फुलस्केप कागद काढला, पट्टीनं स्वतः रकाने आखले. नाव, पासपोर्ट क्रमांक, व्हिसा, कुठून आले, किती दिवस. मुलीचं नाव क्लेअर. तिचा पासपोर्ट त्यांनी तिरपा धरून पाहिला, पानं मोजली, मग अस्वस्थ झाले.

"बापाचं नाव कुठं आहे?"

"त्यांच्यात मधे बापाचं नाव नसतं, नाना," सतीश म्हणाला.

"मग ही यांचीच मुलगी कशावरून?"

सतीशनं ते तिच्या आईला सांगितलं असावं. त्या गोऱ्या बाई हसल्या आणि त्यांनी मुलीची हनुवटी धरून आपल्या गालाजवळ आणली. दोघींच्या हनुवटीवर सारखीच खळी होती. नानांनी ती चष्मा वर करून पाहिली. "ठीक आहे," म्हणाले.

मग त्यांनी पट्टी पुन्हा हातात घेतली. कागदाच्या उजवीकडे थोडी जागा उरली होती. तिथं त्यांनी आणखी एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं, यजमानाशी नाते. ठाण्यातल्या कुणी हा रकाना मागितलेला नव्हता. मला वाटलं, झालं, आता पुन्हा सुरू. सतीशलाही तसंच वाटलं असावं, तो पुढे झाला. यमुनाबाई पाण्याचे तांबे घेऊन दारात उभ्या होत्या.

नानांनी कुणालाच काही विचारलं नाही. यजमान, यमुनाबाई काशिनाथ थेटे. त्याखाली क्लेअरच्या नावासमोर लिहिलं, सून. तिच्या आईच्या नावासमोर, विहीण. वडिलांच्या, व्याही. अक्षर त्यांचं नेहमीसारखं, छापल्यासारखं. लिहून झाल्यावर त्यांनी तो कागद उलटा वाचला नाही, सुलटाही वाचला नाही. यमुनाबाईंपुढे धरला आणि सहीची जागा दाखवली. पेन त्यांनी टोपणासकट दिलं.

"काय लिव्हलंय?" यमुनाबाईंनी विचारलं.

"आहे तेच," नाना म्हणाले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लग्नाच्या दिवशी. त्यानंतर लगेचच मला मालेगावजवळच्या शाळेत नोकरी लागली आणि मी नाशिक सोडलं. काही वर्षांनी ते गेल्याचं शेठकडून कळलं.

मळ्यातच मांडव होता. शेवंतीच्या माळा एवढ्या की खांब दिसत नव्हते. विहीणबाईंना कुणीतरी नऊवारी नेसवली होती आणि त्या दर चार पावलांनी थांबून खाली बघत होत्या. नाना मांडवात नव्हते. मी शोधत गेले तर ते मळ्याच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला लोखंडी खुर्ची टाकून बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल. ठाण्यातून कुणी चौकशीला आलं तर आत जाऊ द्यायचं नाही, इथंच कागद दाखवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. कुणी येणार नव्हतं. मी त्यांना तसं म्हटलंही. "येणार नाही कशावरून?" ते म्हणाले. मंगलाष्टकं सुरू झाली तरी ते उठले नाहीत. अक्षता मी त्यांच्या हातात दिल्या, त्या त्यांनी बसल्या जागेवरून मांडवाच्या दिशेनं टाकल्या.

जेवणाच्या आधी थेट्यांच्या भावकीतला एक माणूस टॉवेल-टोपीचं ताट घेऊन पाहुण्यांचा मान करत तिथवर आला. त्यानं नानांना ओळखलं नाही.

"तुम्ही कुणाकडचे, दादा? मुलाकडचे का मुलीकडचे?"

नानांनी फाइल सरळ केली.

"आईकडचा," ते म्हणाले.

त्या माणसाला काही उलगडलं नाही. त्यानं तशीच त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि तो पुढे गेला. नाना रस्त्याकडे बघत बसले.